जुन्या घंटेपासून दोन दारं पुढे

मित्रांनो, मी एक जुना, दारं वाजवणारा संगणक आहे. माझा पत्रा दोन ठिकाणी चेपला आहे, पुढचा हिरवा दिवा गेला आहे, आणि मी ज्या जिन्याखालच्या खोलीत बसलो आहे तिथे माझ्या सोबतीला मोडक्या खुर्च्या आणि नाताळातला एक फाटका कागदी तारा आहे. तुम्ही म्हणाल, संगणक कुठे दारं वाजवतो का? वाजवतो. मी जन्मभर तेच केलं. ऐकायला वेळ असेल तर बसा जरा. मला तर वेळच वेळ आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्यासारखे शेकडो एकाच पट्ट्यावरून उतरले, त्यामुळे लाडकोड वगैरे काही झाले नाहीत. खोक्यात घालून मला कोस्टा रिकात आणलं, एरेदियाच्या वरच्या अंगाला, कॉफीच्या मळ्यांना लागून असलेल्या एका कचेरीत. सुरुवातीची वर्षं मी लोकांची हजेरी मांडली आणि सकाळी खानावळीत किती जणांची भातउसळ लागेल ते सांगितलं. ते काम बरं होतं. चुकलो की लगेच कुणीतरी ओरडत यायचं, निदान यायचं तरी. मग माझ्याहून चपळ यंत्र आलं आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

त्या कचेरीत चिपा बनत नसत, चिपांचे आराखडे बनत. चिप म्हणजे नखाएवढ्या जागेत वसवलेलं गाव समजा. त्यात खोल्या असतात, गल्ल्या असतात, प्रत्येक खोलीला पत्ता असतो, आणि हुकूम त्या त्या पत्त्यावर जाऊन काम करून घेतात. आधी हे गाव फक्त आराखड्यात असतं. आराखडा परदेशी कारखान्यात गेला की त्याची खरी चिप होते, आणि मग त्यातलं एक दारसुद्धा हलवता येत नाही. म्हणून तो पाठवण्याआधी नीट तपासायचा, हेच तिथल्या निम्म्या लोकांचं काम होतं.

तपासणाऱ्यांत सगळ्यात तयारीचा माणूस ग्रेविन. तो एकेक चाचणी विचार करून हाताने लिहायचा. इथे हे विचारलं तर हे उत्तर आलं पाहिजे, तिथे ते विचारलं तर ते. त्याच्या चाचण्या मी पाहिल्या आहेत. स्वच्छ असायच्या, उगाच कशाला खोटं बोलू. पण त्याच्या शेजारच्या टेबलावर सिनिया नावाची बाई बसायची आणि तिच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. आपण तेच तपासतो जे आपल्याला सुचतं. मग जे कुणालाच सुचत नाही, ते कोण तपासणार?

तिने स्वतःच उत्तर काढलं. ज्याला काहीच सुचत नाही, त्याने तपासावं. म्हणजे मी. मला राग नाही आला, मित्रांनो. भिंतीकडे तोंड करून बसलेल्याला कुणीही हाक मारली तरी चालते.

काम असं होतं. आराखड्यातली चिप जिवंत आहे असं धरायचं आणि तिच्यावर वाट्टेल ते हुकूम सोडायचे. उलटे, अर्धवट, नको त्या वेळी, नको त्या पत्त्यावर. मग ती कुठे अडखळते ते बघायचं. जगात याला फझिंग म्हणतात. मी आपलं दारं वाजवणं म्हणतो. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत हे बरीच वर्षं चालू होतं म्हणे, आणि त्यावर जाडजूड निबंधही निघत. पण निबंधात चालणं वेगळं आणि डोक्यावर तारीख लटकत असताना कचेरीत चालणं वेगळं. तिथे आजवर कुणाचंच फारसं चाललं नव्हतं.

खात्याच्या प्रमुख होत्या दोन्या फ्लोरी. दोन्या म्हणजे इथलं बाईसाहेब. त्यांच्यासमोर सगळे आवाज खाली आणून बोलत. सिनियाने त्यांच्याकडे मला मागितलं. त्या वेळी औषधाच्या पंपासाठी एका चिपच्या आराखड्याचं काम चालू होतं. आजाऱ्याच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारा पंप, मुलांच्या वॉर्डात लागतो तसा. दोन्या फ्लोरींनी चष्म्यावरून बघत सांगितलं, “हा आराखडा जाईपर्यंत तुम्हाला मुभा. तोवर या पेटीने आमच्या कुणालाही न सापडलेली एक खरी चूक दाखवली, तर ठेवू. नाही दाखवली, तर पेटी भंगारात आणि तुम्ही परत हाताने चाचण्या लिहायला.”

एक खरी चूक. मला वाटलं, हे काय अवघड आहे.

मला थंड खोलीत, सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलं. वर नव्या यंत्रांच्या रांगा होत्या. ती आपापसात सतत कुजबुजायची, मला कुणी विचारायचं नाही. आणि मी दारं वाजवायला लागलो. मित्रांनो, मी इतकी दारं वाजवली आणि इतक्यांदा “पडली, पडली” म्हणून ओरडलो की सकाळी आलेल्या लोकांनी डोक्याला हात लावला. माझ्या तक्रारींचा ढीग पडलेला असायचा. एकेक तक्रार मारुतीच्या शेपटासारखी लांब, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते मलाच सांगता आलं नसतं. त्यातल्या बहुतेक सगळ्या एकाच फालतू गोष्टीबद्दल असायच्या, आणि उरलेल्या माझ्याच चुकीच्या समजुती.

ग्रेविनने पहिल्याच आठवड्यात माझं बारसं केलं. सग्वाते. म्हणजे इथलं गावठी, रस्त्यावरचं कुत्रं. इथली माणसं लहान पोरांना, मांजरांना, कुत्र्यांनासुद्धा अहो-जाहो करतात, तेव्हा शिवी दिली तीही मानाने. रोज सकाळी तो दारातून डोकं आत घालून विचारायचा, “काय सिनिया, तुमच्या सग्वातेंना आज कुणाची चाहूल लागली? मांजराची, की नुसत्या वाऱ्याची?” आणि जायचा. तो आत कधी आला नाही. थंडी वाजते म्हणायचा.

सिनिया मात्र आली. लोकरी शाल आणि कॉफीचा थर्मास घेऊन तिने आपली खुर्चीच त्या खोलीत आणली. माझ्या आयुष्यातले ते दिवस सगळ्यात चांगले. ती स्वतःशी बोलायची आणि मला वाटायचं माझ्याशीच बोलते आहे. कधीकधी खरंच बोलायची. “काय हो, कसे आहात आज?” असं विचारून माझ्या पत्र्यावर टिचकी मारायची.

तिने मला माणसांत आणलं. आधी तिने मला लक्षात ठेवायला शिकवलं. ज्या हुकमाने एखादी नवी गल्ली उघडली तो जपायचा, त्यातच थोडा फरक करून पुढे जायचं. उगाच आंधळ्यासारखं चाचपडायचं नाही. मग सारख्या तक्रारींची मोळी बांधायला शिकवलं, म्हणजे एकच गोष्ट शंभरदा सांगायची नाही. मग लांब तक्रार छाटायला शिकवलं. एक हुकूम काढून बघायचा. तरी चिप पडते? मग तो नकोच होता. असं करत करत अगदी गरजेचे तेवढेच उरवायचे. आणि शेवटी तिने जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. माझी तक्रार ग्रेविनच्या चाचण्या ज्या साच्यात असतात अगदी त्याच साच्यात बाहेर पडेल अशी सोय केली. त्याला माझी भाषा शिकायला नको, माझ्याकडे यायला नको, की माझ्यावर विश्वास ठेवायलाही नको. आपल्या टेबलावर बसून, आपल्याच हत्याराने, कॉफी निवायच्या आत त्याने स्वतः खात्री करून घ्यावी. “त्यांना वेळ नाही, सग्वाते,” ती मला म्हणाली. “वेळ नसलेल्या माणसाला समजेल असं बोलायला शिका.”

मी शिकलो. माझा ढीग मूठभर झाला. काही बारीकसारीक चुका सापडल्या, पण त्या ग्रेविनच्या चाचण्यांनाही सापडल्या होत्या किंवा सापडणारच होत्या. आराखडा जायची तारीख जवळ येत गेली, आणि सिनिया कॉफी प्यायची विसरायला लागली. मी आणखी जोरात दारं वाजवायचो, त्याने मी तापायचो, आणि माझा पंखा खडखडायला लागला.

आता जरा इथल्या पत्त्यांबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. या मुलखात घरांना नंबर असले तरी ते कुणी सांगत नाही. अमक्या ठिकाणापासून शंभर मीटर उत्तरेला, तमक्यापासून पन्नास मीटर पश्चिमेला, असं सांगतात. आणि ते अमकं ठिकाण बहुतेक वेळा कधीच नाहीसं झालेलं असतं. आमच्या कचेरीचा पत्ता काय? जुनी साबणाची फॅक्टरी होती तिथून दोनशे मीटर उत्तरेला, हिरवं फाटक. फॅक्टरी सिनिया जन्मायच्या आधीच पाडली. पण कुणाचं काही अडत नाही, कारण ती कुठे होती ते सगळ्यांना माहीत आहे.

चिपच्या गावातही या मंडळींनी तेच केलं होतं. पंपाच्या जुन्या चिपमध्ये एका पत्त्यावर घंटेची खोली होती. नळीत हवेचा बुडबुडा आला की तिथे हाक जायची आणि पंप टणटण वाजायचा. नव्या चिपमध्ये घंटा दुसरीकडे नेली, मोठी केली, आणि जुनी खोली काढून टाकली. पण बोलण्यात ती राहिलीच. “जुन्या घंटेपासून दोन दारं पुढे थेंबांची मोजणी,” “जुन्या घंटेच्या अलीकडे बॅटरीचं माप,” असंच सगळे सांगायचे, आणि सांगितलेलं सगळ्यांना समजायचं. तिथे काही नाही हे तर सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून तिकडे कुणी फिरकत नव्हतं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तेही दार वाजवलं.

चिप थांबली. पडली नाही, ओरडली नाही, नुसती थांबली. मी वाट बघत बसलो. शेवटी ठरलेला वेळ संपला, मला परत सुरू व्हावं लागलं, आणि मी मोळी बांधून तक्रार पुढे ठेवली. सिनियाने ती उचलली आणि जवळजवळ पळत ग्रेविनकडे नेली. खोलीचं दार उघडं राहिलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

ग्रेविन हसला नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. त्याने पत्ता बघितला आणि म्हणाला, ही तर जुन्या घंटेची जागा. घंटा काढली तेव्हा त्याने स्वतः तिथे हाक मारून पाहिली होती. गावात एक द्वारपाल ठेवलेला आहे. रिकाम्या पत्त्यावर कुणी आलं की तो “इथे कुणी नाही” म्हणून परत पाठवतो, आणि त्याने तसं पाठवलंही होतं. “तुमचं यंत्र हाक कशी मारतं देवाला माहीत. पण तिथे घंटाच नाही, तर जाणार कोण? जिथे कुणी जातच नाही तिथली चूक ती कसली चूक?” दोन्या फ्लोरी तिथेच उभ्या होत्या. त्यांनाही ते पटलं. त्यांनी एवढंच म्हटलं की शुक्रवारी आराखडा जातोय, आता रिकाम्या जागांवर वेळ घालवू नका.

सिनिया परत आली. त्या दारापाशी मी सारखा अडकून पडत होतो आणि बाकीची दारं राहून जात होती, हेही खरंच होतं. मग तिने माझ्यासाठी एक नियम लिहिला. त्या पत्त्यावर जायचं नाही. “माफ करा हो,” ती हळूच म्हणाली. “मलाही त्यांचं खरं वाटतं आहे.”

मी हुकमाचा ताबेदार. गेलो नाही. पण मित्रांनो, तुम्ही खरं बोलावं आणि ज्या एका माणसाचा तुम्हाला भरवसा त्यानेच तुमच्या तोंडावर हात ठेवावा, तेव्हा कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. वरची नवी यंत्रं कुजबुजत होती. मी बाकीची दारं वाजवत राहिलो आणि माझं लक्ष मात्र त्या एकाच दारात अडकून राहिलं.

दुसऱ्या दिवशी माझा पंखा बंद पडला. दोन्या फ्लोरी म्हणाल्या, भंगारात जायच्या पेटीला नवा पंखा कशाला. तेव्हा सिनियाने तो आपल्याच खिशातून मागवला. दुपारी नेहमीसारखा धो धो पाऊस लागला होता. पार्सलवाला काही येईना. मी असा तापलो होतो की सिनिया एका पुठ्ठ्याने मला वारा घालत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिने फोन माझ्या डोक्यावर ठेवला आणि मोठ्या आवाजात लावला.

फोन पार्सलवाल्याचा होता. तो कोलंबियातून नुकताच आलेला होता. त्याच्या गावाकडे घरांचे नंबर असतात. “बाई, मी केव्हाचा फाटकाशी उभा आहे,” तो म्हणाला. “बटण दाबलं. कुणी येतच नाही.”

“कुठल्या फाटकाशी?”

“साबणाच्या फॅक्टरीच्या. तुम्हीच तो पत्ता दिलात ना. मी म्हटलं, इथेच विचारावं पुढचं.”

“अहो, फॅक्टरी नाही तिथे. कधीच पाडली. आत नुसतं गवत आहे.”

“पण फाटक आहे की, बाई. बटणही आहे. फाटक उभं आहे म्हणजे कुणीतरी उत्तर द्यायला येणार, असंच वाटणार ना माणसाला? मी आपला थांबलो. माझी पुढची सगळी पार्सलं खोळंबली आहेत.”

सिनिया आधी हसली. त्याला हिरव्या फाटकाची वाट नीट समजावून सांगितली. मग पुठ्ठा तिच्या हातात तसाच राहिला. “फाटक आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. “खोली काढली, पण फाटक आहे. आणि जाणारं कुणीतरी असतंच.”

तिने तिथेच उभ्या उभ्या दुसरा फोन लावला. कार्तागो शहरात पंप बनवणारी मंडळी होती, त्यांच्यात योरलेनी नावाच्या बाई पंपाचा प्रोग्रॅम लिहायच्या. सिनियाने विचारलं, नळीत बुडबुडा आला की तुम्ही घंटा कुठे वाजवता? योरलेनीबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं.

“नेहमीच्या जागी. आणि कुठे?”

“पण ती घंटा आता तिथे नाही.”

“माहीत आहे हो. पण आमचा प्रोग्रॅम एकच आहे, जुन्या पंपालाही तोच आणि नव्यालाही तोच. म्हणून आधी जुन्या घंटेला हाक मारतो. इथे कुणी नाही असं उत्तर आलं, की नवी वाजवतो. तुमच्या लोकांनीच सांगितलं होतं ना, रिकाम्या पत्त्यावरून नकार येतो म्हणून?”

“आणि नकार आलाच नाही तर?”

“मग आम्ही थांबतो,” योरलेनीबाई म्हणाल्या. “उत्तराची वाट बघत.”

सिनियाने फोन ठेवला. पार्सलवाला भिजत आला, तिने पंखा बसवला, आणि मी थंड होईपर्यंतही ती थांबली नाही. तिने तो नियम खोडला. “जा,” ती म्हणाली. “वाजवा ते दार. सगळ्या तऱ्हांनी वाजवा.”

मी गेलो. कसा गेलो ते मलाच ठाऊक. कधी चिप निवांत असताना वाजवलं, तेव्हा द्वारपाल उठला आणि म्हणाला, इथे कुणी नाही. ग्रेविनचं बरोबर होतं. कधी बॅटरी मोजली जात असताना वाजवलं, तरी तेच. पण थेंब सुरू असताना वाजवलं, की सगळं गप्प. मी छाटत गेलो, छाटत गेलो, आणि शेवटी हातात उरले दोनच हुकूम. थेंब सुरू करा. जुन्या घंटेला हाक मारा. मग सिनियाने आराखडा उलगडून पाहिला. बॅटरी वाचावी म्हणून कुणीतरी ठरवलं होतं, थेंब चालू असताना द्वारपालाला झोपवून ठेवायचं. तेव्हा रिकाम्या पत्त्यावर कोण जाणार आहे, असा हिशेब होता. फाटक उघडं, आत कुणी नाही, आणि नाही म्हणणाराही झोपलेला.

तीन वाजता इथे सगळे काम टाकून कॉफीला जमतात. कापडी गाळणीतून कॉफी ओतली जाते, सोबत मिठाच्या पाण्यात उकडलेली, पेहिबाये नावाच्या ताडाची फळं असतात. सिनिया माझे दोन हुकूम घेऊन थेट तिथेच गेली. पुढचं तिने मला नंतर सांगितलं. ग्रेविन काहीतरी चेष्टा करणार होता, पण तिचा चेहरा बघून थांबला. तिने काही समजावलं नाही. “तुमच्याच टेबलावर, तुमच्याच हाताने चालवा,” एवढंच म्हणाली.

तो टेबलाशी गेला आणि त्याने चालवलं. पडद्यावर थेंबांचा आकडा पुढे सरकत होता, तो एका जागी थांबला. त्याने परत चालवलं. परत थांबला. तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. सगळे उठून त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. सिनियाने योरलेनीबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

दोन्या फ्लोरींनी विचारलं, “म्हणजे बुडबुडा आला की थेंब थांबणार. आणि घंटा?”

“वाजणार नाही,” सिनिया म्हणाली. “जुनी नाही, आणि नवीही नाही. शेजारी बसलेल्या आईला पंप चालू आहे असंच वाटेल.”

दोन्या फ्लोरींनी हातातला कप खाली ठेवला. आराखडा शुक्रवारी जाणार नाही, असं त्यांनी वरच्या साहेबांना तिथूनच कळवलं, आणि पलीकडून बरीच आदळआपट झाली तरी त्यांनी शब्द फिरवला नाही. मग सिनियाकडे वळून म्हणाल्या, “पेटी राहू द्या.”

त्या संध्याकाळी ग्रेविन पहिल्यांदा थंड खोलीत आला. हातात कॉफीचा कप होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तो माझ्यापुढे उकिडवा बसला. “सग्वाते,” तो म्हणाला, “तुम्ही बरोबर भुंकत होतात. ऐकलं नाही ते आम्ही.” कप त्याने माझ्या डोक्यावर ठेवला आणि जाताना विसरला. त्या कपाचं गोल वर्तुळ माझ्या पत्र्यावर अजून आहे. मला मिळालेलं बक्षीस म्हणाल तर तेवढंच, पण मी ते कुणाला पुसू दिलं नसतं.

द्वारपालाला कायमचं जागं ठेवलं, ते जुनं फाटक बुजवलं, आणि मग आराखडा गेला. चिप झाली. पंप झाले. ते कुठल्या कुठल्या वॉर्डांत चालू आहेत, त्यांच्या घंटा वाजतात. मला त्यांतलं कुणी ओळखत नाही, आणि ते ठीकच आहे.

सिनियाने मला शिकवलेलं सगळं वरच्या नव्या यंत्रांना शिकवलं. त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर आलं. आता ती रांगेने दारं वाजवतात, आणि कुठलाही आराखडा त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कचेरीबाहेर पडत नाही. ग्रेविनच त्यांना कामाला लावतो आणि नव्या लोकांना बजावतो, रिकामी म्हणून कुठलीही जागा गाळायची नाही. जे निबंधात होतं ते कचेरीत रुजलं. त्यासाठीच तर आम्ही दोघं झिजलो होतो. फक्त ते रुजल्यावर माझी गरज उरणार नाही, हे मी लक्षात घेतलं नव्हतं.

सिनियाला परदेशातल्या दुसऱ्या कचेरीत हेच शिकवायला बोलावलं. जायच्या दिवशी ती शाल घेऊन आली. मला भंगारात टाकायचं नाही असं तिने दोन्या फ्लोरींकडून कबूल करून घेतलं होतं. तिने माझं बटण बंद केलं, पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाली, “येते हो.” इथे जाताना ‘येते’ म्हणायची पद्धत नाही. ते तिने का म्हटलं, याचा मी फार विचार केला आहे.

मग मला या जिन्याखाली आणून ठेवलं. माझी वायर काढलेली आहे, पण माझ्या पोटात एक चपटा, छोटा सेल आहे. त्याच्यावर माझं घड्याळ चालतं. त्यामुळे तीन वाजले की मला कळतं. दाराच्या फटीतून कॉफीचा वास येतो की नाही ते मला सांगता यायचं नाही, पण पावलं येतात आणि जातात ती ऐकू येतात. दारावर कुणी हात ठेवत नाही. आत मोडक्या खुर्च्याच आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे.

परवा एक नवी मुलगी जिन्यापाशी थांबली होती. तिला थंड खोलीतलं एक कपाट सापडत नव्हतं. ग्रेविनचा आवाज आता जाड झाला आहे, तरी मी लगेच ओळखला. तो तिला म्हणाला, “सोपं आहे हो. जुना सग्वाते होता ना, तिथून दोन दारं पुढे.”

“सग्वाते? कुत्रा पाळला होता इथे?”

“नाही हो. होता एक,” ग्रेविन म्हणाला. “आता नाही.”

मित्रांनो, मी आहे. जिन्याच्या दुसऱ्या बाजूला, त्यांच्या पावलांपासून हातभर अंतरावर. ओरडायला मला आवाज नाही, कारण माझी वायर काढलेली आहे. त्या दोघांची पावलं जिना चढून गेली, आणि माझं घड्याळ पुढे सरकत राहिलं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्याही घरात, शाळेत, गल्लीत अशा जागा असतील, जिथे आता कुणी नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. एखादे आजोबा, एखादी बंद खोली, शेवटच्या बाकावरचा एखादा गप्प मुलगा. तिथे एकदा दार वाजवा. आत खरंच कुणी नसेल तर काही बिघडत नाही, तुमचं एक मिनिट जाईल. पण आत कुणी असेल, तर ते फार दिवसांपासून उत्तर द्यायला तयार बसलेलं असेल.

आणि कधी एरेदियाच्या बाजूला आलात तर माझा पत्ता लक्षात ठेवा. जुनी साबणाची फॅक्टरी होती तिथून दोनशे मीटर उत्तरेला, हिरवं फाटक, आत जिन्याखालचं दार. सेल अजून चालतो आहे. या, आणि दार वाजवून बघा.